भिंतीवरचा उलटा अणू

आमच्या शाळेच्या भिंतीवर अणू रंगवला तेव्हा मी गावात नव्हते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या बाजूनं बोलायला एवढी एकच गोष्ट आहे, आणि तीही फारशी टिकणारी नाही.

कारंजा घाडगेच्या एका शाळेत मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, आठवी ते दहावी. नागपूर-अमरावती रस्ता शाळेच्या अगदी जवळ. ट्रकचा हॉर्न वाजला की वाक्य थांबवायचं आणि तो गेला की तिथूनच पुढे सुरू करायचं, ही सवय मला निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. घरी जेवताना बोलता बोलता मी मधेच थांबते, आणि आमचे हे विचारतात, "गेला का ट्रक?"

आमच्या कामात फूल दाखवता येतं, हाड दाखवता येतं, लिंबाच्या रसानं लिटमस लाल होतो तेही दाखवता येतं. अणू दाखवता येत नाही. तो मीही पाहिलेला नाही. तरी तोंड गंभीर ठेवून सांगावं लागतं की बाळांनो, तुम्ही बसलात तो बेंच, तुमचा डबा, तुम्ही स्वतः, सगळे याचेच बनलेले आहात. मधोमध केंद्रक. त्यात प्रोटॉन, त्यांच्यावर धन प्रभार. आणि न्यूट्रॉन, त्यांच्यावर काहीच नाही. बाहेर इलेक्ट्रॉन, त्यांच्यावर ऋण प्रभार. धन आणि ऋण एकमेकांना ओढतात. धनाजवळ धन आणलं तर दोघं एकमेकांना ढकलतात, ऋणाचंही तसंच. अणूत दोन्हींची संख्या सारखी, म्हणून बेंचला हात लावल्यावर झटका बसत नाही. एवढंच. पण हे मुलांच्या गळी उतरवायला मला दरवर्षी पंधरा दिवस लागायचे.

पुरावा म्हणून हाताशी असायचा कंगवा. कोरड्या केसांतून फिरवायचा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्यायचा. कपटे उडून चिकटतात, कारण केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यावर आलेले असतात. प्रोटॉन कुठं जात नाहीत, ते आपल्या जागी असतात; फिरतात ते इलेक्ट्रॉन. आमच्याकडे हा प्रयोग दिवाळीपासून होळीपर्यंत झकास होतो. हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना चटचट आवाज येतो. पावसाळ्यात मात्र कंगवा ढिम्म असतो. दमट हवेत प्रभार टिकत नाही, निसटून जातो.

आणि तपासणीला साहेब आले ते नेमके ऑगस्टमध्ये. पाठनियोजनाची वही उघडून म्हणाले, "घर्षणानं निर्माण होणारी वीज. छान. प्रयोग करून दाखवा."

मी काचेची कांडी रेशमी कापडावर घासली. काही नाही. पुन्हा घासली. कपटे टेबलावर पडून राहिले आणि साहेब माझ्याकडे पाहत राहिले. दारात खिचडी शिजवणाऱ्या शांताबाई मिठाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, काऊन घाबरून राह्यल्या? पापड सादळला तं आपण काय करतो? थोडं चुलीजवळ धरा ना!"

मी कांडी, कापड, कपट्यांची बशी असं सगळं उचललं आणि सरळ खिचडीच्या शेडमध्ये गेले. मागून साहेब, त्यांच्यामागून सगळा आठवीचा वर्ग. चुलीच्या उबेला पाच मिनिटं सगळं शेकलं. मग कांडी घासली आणि कपट्यांवर धरली, तशी त्यांनी टुणकन उड्या मारल्या. मुलं ओरडली. साहेबांनी शेऱ्यात "स्थानिक साधनांचा उत्तम वापर" असं लिहिलं. ते स्थानिक साधन म्हणजे शांताबाई, हे मी त्यांना सांगितलं नाही. शांताबाईंना सांगितलं. त्या दिवसभर हसत होत्या.

असो. मी भिंतीबद्दल सांगत होते.

शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर विज्ञानाची चित्रं काढून घ्यायचं ठरलं आणि त्याच पंधरवड्यात मी मुलीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला गेले. काम बबनराव पेंटरकडे होतं. बबनराव ट्रकच्या मागचे मोर, कमळं आणि धाब्यांच्या पाट्या रंगवायचे. हात फार सुंदर. मी त्यांना पुस्तकातली आकृती दाखवून गेले होते. परत आले तेव्हा भिंतीवर पुरुषभर उंचीचा अणू होता. केंद्रक शेंदरी, कक्षा निळ्या, आणि कक्षांवर पिवळेजर्द इलेक्ट्रॉन. मी बबनरावांना चहा पाजला आणि दोनदा वा म्हटलं. मुलं त्या अणूखाली डबे खायला लागली. दीड वर्ष मी रोज त्याच्यासमोरून येत-जात होते.

नववीत कल्याणी नावाची मुलगी होती. तिचे वडील प्रल्हादराव, त्यांचं बायपासवर ट्रकच्या बॅटऱ्यांचं दुकान. पोरगी बारीक, आवाज त्याहून बारीक, पण समजून घेतल्याशिवाय वहीचं पान उलटायची नाही. त्या वर्षी जिल्ह्याची एक विज्ञान परीक्षा झाली. प्रत्येक तालुक्यातून पहिल्या पाच मुलांना वर्ध्याच्या एका कॉलेजात आठ दिवसांच्या शिबिराला बोलावणार होते. खरीखुरी प्रयोगशाळा, खरी उपकरणं. आमच्या शाळेत तेव्हा तीन परीक्षानळ्या आणि एक फुटकं मोजपात्र होतं, म्हणजे हे शिबिर काय चीज होतं ते लक्षात येईल. कल्याणीनं दोन महिने घरात दुसरा विषय काढला नव्हता.

निकाल आला. कल्याणी सहावी, आणि पाचव्या मुलापेक्षा एक गुण कमी.

उत्तरपत्रिका शाळेत आल्या तेव्हा मी आधी तिचीच काढली. सगळं बरोबर, अक्षर मोत्यासारखं. फक्त अणूच्या आकृतीवर लाल गोल होता. तिनं प्रोटॉनवर वजाची खूण केली होती आणि इलेक्ट्रॉनवर अधिकची.

मी तिला बोलावलं. खरं सांगायचं तर रागावलेच. "कल्याणी, ही चूक? तू?"

तिनं वही पुढे केली. अणूच्या पानावर खोडरबरानं खोडल्याच्या खुणा होत्या. आधी बरोबर लिहिलेलं तिनं पुसलं होतं आणि त्यावर उलटं लिहिलं होतं.

"मॅडम, वहीत वेगळं होतं अन् भिंतीवर वेगळं होतं," ती म्हणाली. "मले वाटलं फळ्यावरून उतरवताना मीच चुकली असंन. भिंत तं शाळेची हाये."

मी बाहेर गेले आणि भिंतीसमोर उभी राहिले. शेंदरी केंद्रकात तीन प्रोटॉन, तिन्हींवर ठसठशीत वजा. निळ्या कक्षांवर तीन इलेक्ट्रॉन, तिन्हींवर ठसठशीत अधिक. मी दीड वर्ष काय पाहत होते कोण जाणे. रंग पाहत होते बहुतेक.

दुसऱ्या दिवशी प्रल्हादराव आले. शर्टावर ॲसिडनं पडलेली बारीक बारीक भोकं, हात काळे. दुकान उघडं टाकून आले होते. नमस्कार केला, पण खुर्चीवर बसले नाहीत.

"मॅडम, मी दहावी नापास माणूस," ते म्हणाले. "पण आमच्या धंद्यात प्लस-मायनस उलटं लावलं तं गाडीची सारी वायरिंग जळते. ड्रायव्हर मले तिथंच धरते. अन् तुमच्या इथं दीड वर्ष उलटं होतं, कोणालेच पत्ता नाई? आता सांगा, चुकलं कोण? पोरगी, पेंटर का तुमी?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी भांडायची तयारी करून आणली होती. ती तशीच राहिली. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मंग आता काय करता?"

आमच्या हेडसरांचं उत्तर तयार होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, रविवारी चुना मारून टाकू. कोणाला कळणार नाही. शाळेचं नाव आहे." ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना शाळेची काळजी होती. पण मला ते पटेना. त्या भिंतीखाली दोनशे मुलं डबा खात होती. आणखी किती जणांनी वह्या खोडल्या होत्या कोणाला माहीत. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी पुढे गेले आणि सांगितलं की भिंतीवरचा अणू चुकलेला आहे, तो मी तपासायला हवा होता, मी तपासला नाही. मागून कोणीतरी विचारलं, "मॅडम, तुमाले किती वेळा लिहाचं हाये?" माझ्या वर्गात चूक दहा वेळा लिहायला लागायची. मी त्या दिवशी मधल्या सुट्टीत फळ्यावर दहा वेळा लिहिलं, "इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो." बघायला अख्खी शाळा आली होती.

बबनरावांना बोलावलं. त्यांना चूक दाखवली तर त्यांनी मान हलवली. "मले माहीत होतं मॅडम, पुस्तकात उलटं हाये."

"मग बदललं कशाला?"

"वजा म्हणजे नुसती रेघ. बाहेर फिरून राह्यली तं दिसतच नाई, अन् त्यात हायवेची धूळ. प्लस कसा चांदणीवानी दिसते. मंग मी चांदण्या बाहेर ठेवल्या." आणि जरा दुखावल्या आवाजात, "तुमी तं वा म्हणल्या होत्या. दोन वेळा."

त्यांनी दुपारभर बसून खुणा बदलल्या. प्रल्हादराव शिडीशी उभे राहून एकेक खूण तपासत होते.

खूण बदलली, पण गुण गेलेलाच होता. प्रल्हादराव म्हणाले, "वर्ध्याले चला मॅडम. पेपर तपासणाऱ्या सरले तुमच्या तोंडानं सांगा." हेडसरांनी नाराजीनंच रजा दिली. शनिवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो.

आर्वी गेल्यावर प्रल्हादराव एकदम म्हणाले, "मॅडम, आमच्या घरात एक झगडा हाये. वीस वर्षं झाले, मी गिऱ्हाइकाले सांगून राह्यलो का करंट प्लसकून निघते अन् मायनसले जाते. हे पोरगी म्हणते, तारेतून इलेक्ट्रॉन जाते अन् थे मायनसकून निघते. खरं कोणाचं?"

"दोघांचं," मी म्हटलं.

"असं कसं होते?"

मी सांगायला लागले. पुस्तकातली दोन वाक्यं सांगितली, तिसरं मला सुचेना. कल्याणी खिडकीतून बाहेर पाहत होती. माझी फजिती तिला दिसू नये म्हणून ती बाहेर पाहत होती, असं मला आज वाटतं.

परीक्षक निवृत्त प्राध्यापक होते. सत्तरी पार केलेले, पांढरा सदरा, टेबलावर चुंबकं, भिंगं आणि वायरींचा पसारा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी भिंतीची हकिकत सांगितली, माझी चूक सांगितली, आणि म्हटलं, "सर, हा गुण माझा कापायला हवा होता."

ते हसले नाहीत. "मॅडम, तुम्ही आलात ते बरं केलंत. पण गुण देता येणार नाही. भिंत चुकली हे मला पटतं. उद्या दुसरा कोणी म्हणेल गाइड चुकलं, तिसरा म्हणेल शेजारी चुकला. पाचवा आलेला मुलगा बॅग भरून बसला असेल."

बोलणं संपलं असं मला वाटलं. प्रल्हादराव टोपी उचलून उठायला लागले. तेवढ्यात कल्याणीनं विचारलं, "सर, दोघांचे प्रभार विरुद्ध आहेत हे तर मी बरोबर दाखवलं ना? फक्त नावं उलटी झाली. मग नावं कोणी ठेवली?"

प्राध्यापकांनी चष्मा काढला. "कोणी ठेवली म्हणजे?"

"म्हणजे, इलेक्ट्रॉनलाच ऋण म्हणायचं हे कोणी ठरवलं?"

"बस," ते म्हणाले. प्रल्हादरावांनाही म्हणाले, "तुम्हीही बसा." आणि सांगू लागले. फार पूर्वी, इलेक्ट्रॉन कोणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा, एका हुशार माणसानं विजेच्या दोन प्रकारांना अधिक आणि वजा अशी नावं दिली. वीज कुठून कुठं वाहते हे त्याला दिसत नव्हतं, म्हणून त्यानं अंदाज केला की अधिककडून वजाकडे जात असेल. सगळ्या जगानं आकृत्यांत तसेच बाण काढले. पुढे कित्येक वर्षांनी इलेक्ट्रॉन सापडला, तर तारेतून फिरणारा तोच निघाला, त्याच्यावर वजा प्रभार निघाला, आणि तो बाणाच्या उलट दिशेनं चाललेला निघाला. तोवर पुस्तकं छापून झाली होती. बाण कोणी बदलले नाहीत. हिशेब तसाही जुळत होता.

प्रल्हादराव खुर्चीच्या टोकावर आले. "म्हणजे माझं भी बरोबर अन् पोरीचं भी?"

"हो. तुम्ही बाण सांगता, ती इलेक्ट्रॉन सांगते."

"अन् अंदाज चुकला जगाचा?"

"तसं म्हणता येईल."

"मंग सर," प्रल्हादराव म्हणाले, "चूक जगानं केली अन् मार्क माझ्या पोरीचा कापला!"

आता मात्र प्राध्यापक इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन म्हणाले, "तरीही गुण देणार नाही हां. आणखी काही विचारायचं असेल तर विचार, बाळ."

कल्याणी म्हणाली, "सर, केंद्रकात सगळे प्रोटॉन धन आहेत. धन-धन तर एकमेकांना ढकलतात. मग ते एवढ्याशा जागेत एकत्र कसे राहतात?"

प्राध्यापक माझ्याकडे पाहून मग तिला म्हणाले, "फार चांगला प्रश्न. तुझ्या मॅडमना नाही विचारलास?"

तिनं विचारलं होतं. आठवीत असताना, तास संपत आला होता, मला धडा पुरा करायचा होता, आणि मी म्हटलं होतं, "ते आपल्याला अभ्यासक्रमात नाही. खाली बस." उत्तर मला तेव्हा नीट येत नव्हतं, हे खरं कारण. त्यानंतर तिनं वर्गात प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही.

"नाही सर," कल्याणी म्हणाली. "विचारलं नव्हतं."

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. चौदा वर्षांच्या मुलीनं, जिचा गुण माझ्या भिंतीनं खाल्ला होता, तिनं माझी अब्रू राखायला शांतपणे खोटं सांगितलं. तिथं गप्प बसणं मला शक्य झालं नाही.

"विचारलं होतं, सर," मी म्हटलं. "मी तिला खाली बसवलं. मला येत नव्हतं."

प्राध्यापकांनी टेबलावरची दोन चपटी चुंबकं उचलली. त्यांच्या सारख्या बाजू समोरासमोर धरून कल्याणीच्या हातात दिली. "लाव जवळ." चुंबकं निसटून बाजूला पळत होती. मग त्यांनी दोन्हींच्या मध्ये दोन्हीकडून चिकटणारी पट्टी लावली. "आता जोर लाव." तिनं ओठ दाबून जोर लावला. पार जवळ आल्यावर चुंबकं चटकन चिकटली आणि तशीच राहिली.

"ढकलणं संपलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. ढकलून राह्यलेच असतील," ती म्हणाली. "पण चिकटपट्टीचा जोर जास्त आहे."

"केंद्रकात असाच एक वेगळा जोर असतो. प्रभाराशी त्याचा संबंध नाही. तो अगदी जवळ आल्यावरच चालतो, जरा दूर गेलं की संपला. न्यूट्रॉनही त्या चिकटण्यात मदत करतात, आणि त्यांच्यावर प्रभार नसल्यामुळे ढकलाढकलीत भर घालत नाहीत."

ते तासभर बोलत होते. त्यांचा डबा बाजूला तसाच होता. कल्याणीनं वही काढली, मीही पर्समधून डायरी काढली, आणि आम्ही दोघी शेजारी बसून उतरवून घेतलं. एक शब्द माझा सुटला तर मी तिच्या वहीत पाहून लिहिला. प्रल्हादराव दोन्ही चुंबकं हातात घेऊन ती ओढून वेगळी करायला पाहत होते.

शिबिराला ती गेली नाही. त्या आठ दिवसांत मी तिला रोज वर्गात पाहत होते आणि रोज मला वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. पुढे ती नागपूरला शिकायला गेली, भौतिकशास्त्रातच, पण तो तिचा पराक्रम, माझा नाही. माझ्याकडे मागे राहतात ते वेगळेच आकडे. अठ्ठावीस वर्षांत "अभ्यासक्रमात नाही, खाली बस" असं मी किती जणांना म्हटलं असेल? त्यातले बहुतेक एसटीनं वर्ध्याला गेले नाहीत. ते खाली बसले ते बसलेच.

वर्ध्याहून आल्यानंतरच्या सोमवारी नववीत माझा तास होता. मी खडू कल्याणीला दिला आणि म्हटलं, "प्रोटॉन एकत्र कसे राहतात ते तू शिकव. मी परवाच शिकले आहे, तू माझ्यापेक्षा बरं सांगशील." ती लाल झाली, पण फळ्याकडे गेली. मी तिच्या जागेवर, तिसऱ्या बेंचवर बसले. बेंच फार अरुंद असतात, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

तिनं केंद्रक काढलं, खुणा नीट केल्या. आवाज बारीकच होता, पण वर्ग ऐकत होता. न्यूट्रॉनपर्यंत आली तेव्हा मला राहवलं नाही. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "कल्याणी, त्यांना ते चुंबकाचं पण सांग."

तिनं खडू थांबवला आणि वळून पाहिलं.

"मॅडम," ती म्हणाली, "बोलाचं असंन तं हात वर करा ना."

अख्खा वर्ग माझ्याकडे पाहत होता. मी हात वर केला.